तांदळातले आर्सेनिक आणि नातवाची पेज

प्रश्न : मी इंदूरच्या रामबागेत राहते. वर्षाचा गहू आम्ही उन्हाळ्यातच भरून ठेवतो. यजमानांना मधुमेह असल्यामुळे घरात आता हातसडीचा तांदूळ येतो, सकाळी पोहे असतातच आणि आठ महिन्यांच्या नातवाला मी रोज पेज देते. तांदळात आर्सेनिक आणि गव्हात कॅडमियम हे विषारी धातू असतात, असे वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. धान्य निवडून तीन-चार पाण्यांनी धुतले, तर ते जाते का?
– एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : धुतल्याने धूळ आणि भुसा जातो; दाण्याच्या आत मुरलेला धातू फारसा जात नाही आणि तो वासावरून किंवा चवीवरून ओळखताही येत नाही. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिले की मातीतला प्राणवायू संपतो, एरवी मातीला धरून बसलेले आर्सेनिक पाण्यात सुटे होते आणि मुळे ज्या वाटेने सिलिका (वाळूतले द्रव्य) घेतात त्याच वाटेने ते रोपात शिरते. कोरड्या रानातल्या गहू-ज्वारीत म्हणूनच ते पुष्कळ कमी आढळते.

आर्सेनिक कोंड्यात अधिक साठते. त्यामुळे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने असेंद्रिय (म्हणजे अधिक विषारी प्रकारच्या) आर्सेनिकाची कमाल मर्यादा पांढऱ्या तांदळासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तर कोंड्यासह असलेल्या तांदळासाठी ०.३५ मिलिग्रॅम ठेवली आहे. हातसडीच्या तांदळात हा कोंडा राहतो; यजमानांनी तो तांदूळ सोडू नये, पण काही दिवस ज्वारीची भाकरी करावी. पोहे हाही तांदूळच, हे हिशेबात धरावे.

मला खरी काळजी वाटते ती पेजेची. वजनाच्या मानाने बाळाच्या पोटात अन्न जास्त जाते. म्हणून युरोप आणि अमेरिकेत बाळांच्या तांदळाच्या आहारासाठी ही मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे. सहापट पाण्यात भात शिजवून तो वेळून काढला, तर सुमारे निम्मे आर्सेनिक त्या पाण्याबरोबर निघून जाते, आणि वेळलेले ते पाणी म्हणजेच आपली पेज! तेव्हा ते पाणी टाकून द्यावे आणि बाळाला मुगाच्या वरणात कुस्करलेला मऊ भात द्यावा, म्हणजे पाण्याबरोबर जाणाऱ्या ब-जीवनसत्त्वांची थोडी भरपाईही होईल. अधूनमधून नाचणीचे सत्त्व द्यावे. स्वयंपाकाला बोअरचे पाणी वापरत असाल, तर ते प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे, कारण पाण्यातच आर्सेनिक असेल तर शिजताना भात ते शोषून घेतो.

गव्हाविषयी तितके घाबरू नये. जपानमधल्या जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यावर पिकलेल्या भातातून वर्षानुवर्षे कॅडमियम पोटात गेले आणि विशेषतः स्त्रियांची मूत्रपिंडे व हाडे निकामी झाली, हे खरे आहे. परंतु कॅडमियम आम्लधर्मी जमिनीतून पिकात सहज जाते आणि माळव्याची काळी माती बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी आहे. मात्र कारखान्यांच्या सांडपाण्यावर पिकवलेला गहू भरू नये. विकणाऱ्याला शेत कुठले, पाणी कुठले, हे संकोच न करता विचारावे. शरीरात लोह कमी असले की आतडी कॅडमियम अधिक शोषतात, म्हणून आपले आणि सूनबाईंचे हिमोग्लोबिन या महिन्यातच तपासून घ्यावे.