जुन्या प्रीमियर पद्मिनीत एकामागून एक इलेक्ट्रिकल पार्ट जातायत, नेमका फॉल्ट कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९८६ ची आहे, वर्षभरात बॅटरी नवीन टाकली, सेल्फ (स्टार्टर मोटर) दोनदा उघडला, चार्जिंगचा व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर बदलला, तरी सकाळी गाडी स्टार्ट व्हायला रडते, रात्री हेडलाइट पिवळट पडतात आणि ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद होतो. आणि आता मेकॅनिक म्हणतोय अख्खं वायरिंगच बदला. जरा थांबा, अजून एकही पार्ट आणू नका. एका वर्षात एवढे पार्ट एकदम मरत नसतात हो. ही लक्षणं बहुतेक अर्थिंगची आहेत, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायच्या वाटेची.

माझ्याकडे १९८३ ची पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली. तिनं मला हेच सगळं करायला लावलंय. एका पावसाळ्यात सेल्फ जेमतेम फिरायचा, एका गॅरेजवाल्यानं आधी बॅटरी बदलायला लावली, मग सेल्फचे कार्बन, मग आर्मेचर (सेल्फचा आतला फिरणारा भाग), आणि दर वेळी चार दिवस बरी चालून पुन्हा तेच. शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियन काकांकडे नेली. त्यांनी मीटरसुद्धा काढला नाही, बॉनेट उघडलं, मला म्हणाले सेल्फ मार, आणि स्वतः चोकची वायर दोन बोटांत धरून उभे राहिले. मग म्हणाले, आता तू हात लाव. वायर चांगलीच गरम झाली होती!

कारण साधं आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून ते तुटलेलं. सेल्फचा शे-दीडशे अँपिअरचा करंट बॅटरीकडे परत जायला इंजिन आणि बॉडीमध्ये एक विणलेली तांब्याची पट्टी असते. माझ्या गाडीतली ती पट्टी हिरवी पडून चार-पाच तारांवर लटकत होती, मग करंट मिळेल त्या वाटेनं, चोकच्या वायरीतून, अॅक्सिलरेटरच्या जोडणीतून परत जायचा. पट्टी बदलली, नटाखालचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्रा काढला, आणि गाडी अर्ध्या सेल्फवर घ्यायला लागली. काढून ठेवलेलं जुनं आर्मेचर नंतर तपासलं तर चांगलं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तुम्ही हे मीटरनं घरीच बघू शकता. साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवायला हवी, १२.२ वगैरे असेल तर ती अर्धीच चार्ज आहे, आधी बाहेर काढून नीट चार्ज करा नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे येतील. मग कॉइलची वायर काढा म्हणजे गाडी स्टार्ट होणार नाही, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खांबावरच टेकवा (वरच्या क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त आलं तर चोर याच वाटेवर बसलाय. मग एकेक टप्पा मोजत जा, खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन, जिथं आकडा उडी मारेल तो जोड उघडा. पॉझिटिव्हच्या बाजूनंही असंच, बॅटरीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत. लक्षात घ्या, वायर तुटलेली नसली तरी जोड खराब असतो, आणि लोड नसताना, म्हणजे सेल्फ किंवा दिवा चालू नसताना, तोच जोड मीटरवर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, म्हणून लोड चालू ठेवूनच मोजायचं.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद होतो ना, ते तर नक्की मागच्या दिव्याच्या होल्डरचं अर्थिंग. करंटला बॉडीत उतरता येत नाही म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. दिवा उघडा, होल्डर आणि पत्रा जिथं टेकतात तिथं पॉलिश पेपर मारा, जमलं तर तिथून एक वेगळी काळी वायर चेसिसला टाका.

फ्यूजचंही बघा. ते टोकदार फ्यूज दिसायला ठणठणीत असतात, पण टोकांना गंज चढतो. लाइट चालू ठेवून फ्यूज बोटानं गोल फिरवा, लाइट लखकन वाढला तर फ्यूज गेलेला नाही, फक्त त्याची क्लिप साफ करायची आहे. आणि फ्यूजला तार गुंडाळलेली दिसली तर आजच काढा, वायरिंगला आग लागते ती अशानंच.

हेडलाइटला कोणी १००/९० चे हॅलोजन टाकलेत का? दोन बल्ब म्हणजे हायबीमला २०० वॅट, सोळा-सतरा अँपिअर, आणि तेही चाळीस वर्षं जुन्या स्विचमधून. बल्बपर्यंत १२ ऐवजी १०.८ पोचले तरी उजेड साधारण तीस टक्के कमी होतो, म्हणून पिवळा. साधे बल्ब लावा किंवा रिले (जुन्या स्विचऐवजी मोठा करंट वाहणारा वेगळा स्विच) टाका आणि बॅटरीपासून फ्यूजमधून जाडी वायर ओढा.

हे सगळं झाल्यावर चार्जिंग. इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं की तिकडं हात लावू नका. सकाळपर्यंत बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्हची वायर काढून ती वायर आणि खांब यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा, सगळं बंद असताना या गाडीत जवळपास शून्य यायला हवं, पण मीटर तसाच असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

तुमच्या गाडीत बॅटरी चार्ज करायला जुना डायनामो आहे की कोणी अल्टरनेटर बसवलाय ते कळवा. अल्टरनेटर असेल तर त्याच्या आतल्या खराब डायोडमधून (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) रात्रभर करंट गळू शकतो, त्याची मागची जाड वायर काढून पुन्हा मोजा, आणि त्या वायरीचं टोक आधी टेपनं गुंडाळा, कारण ते थेट बॅटरीचं असतं.