लाट आधी कुणाची?

दिवाळीची आणि नाताळची सुट्टी जवळ आली की मला येणारे प्रश्न तरण तलावाचे नसतात, समुद्राचे असतात. नाशिकला समुद्र नाही, पण जव्हारवरून डहाणू-बोर्डी गाठणारी किंवा रात्रीच्या बसने गोव्याला उतरणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी इथे वर्षानुवर्षं पोहणं शिकवते, आणि दर हिवाळ्यात थोडे दिवस पेडण्याच्या किनाऱ्यावर बोर्ड घेऊन असते. या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत: किनाऱ्यावर गर्दी, लाटा मोजक्या, आणि त्यात बोर्डवाले, बिनबोर्डाचे आणि नुसते डुंबणारे सगळे एकाच पाण्यात.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही उत्तर गोव्यात होतो. यजमान सर्फिंगचा क्लास करत होते. मी आणि मुलं तिथेच कमरेइतक्या पाण्यात खेळत होतो. दोनदा बोर्ड आमच्या अंगावर आले. शिकवणारे म्हणाले, तुम्ही बाजूला व्हा. आम्ही का व्हायचं? (एक वाचक, इंदिरानगर)

तुमचा राग रास्त आहे. बाजूला क्लासने व्हायला हवं होतं.

हे भांडण कुठून सुरू होतं ते आधी सांगते. मुरलेला सर्फर तुमच्या वाटेत येतच नाही. तो आत, लाट जिथे उभी राहते तिथे बसलेला असतो. नवशिक्याला मात्र फुटून गेलेली, फेसाची लाट लागते, आणि ती मिळते कमरेइतक्या पाण्यात. ज्यांना पोहता येत नाही ती माणसंही तिथेच उभी असतात. म्हणजे ज्याला बोर्ड वळवता येत नाही तो आणि ज्याला झटकन बाजूला होता येत नाही तो, असे दोघे एकाच पट्ट्यात. गर्दीच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याचशा टकरी मी याच पट्ट्यात पाहिल्या आहेत.

शिकाऊ बोर्ड आठ-नऊ फुटांचा असतो. वरून फोमचा, म्हणून मऊ वाटतो, पण फेसाच्या लाटेने तो मागून ढकलला की माणूस आडवा होतो. तो पायाला दोरीने, म्हणजे लीशने, बांधलेला असतो, आणि लीशची लांबीही जवळपास बोर्डाएवढीच. शिकणारा पडला की दोन्ही मिळून सोळा ते अठरा फुटांचा घेर झाला, आणि लीश ताणते ती वेगळीच. त्यामुळे शिकणाऱ्यापासून निदान तीस फूट लांब राहा. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये तर मुळीच उभ्या राहू नका, कारण लाट त्याला तिकडेच आणणार आहे. मुलांची पाठ समुद्राकडे होऊ देऊ नका.

आता क्लासबद्दल. गिऱ्हाइकाला पाण्यात नेण्याआधी रिकामा पट्टा शोधणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखालची, पोहणाऱ्यांची. तिथे बोर्ड आणायचाच नाही. बोर्डांसाठी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा असतो, पण तो सगळीकडे लावलेला नसतो. नुसता लाल झेंडा असेल तर कुणीच उतरायचं नाही. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर वर्षभर गर्दी असते, तरी निभतं, कारण बोर्ड दक्षिणेच्या टोकाला आणि पोहणारे झेंड्यांच्या आत, ही सवय लोकांच्या अंगवळणी पडली आहे. आपल्याकडे झेंडे दिसत नसतील तर जीवरक्षकाला विचारा. गोव्यात तो बहुतेक मोठ्या किनाऱ्यांवर असतो.

बरीच वर्षं झाली. मोठी लाट येताना दिसली आणि मी घाबरून बोर्ड सोडून खाली बुडी मारली. माझ्या मागे एक मुलगा पोहत होता. बोर्ड त्याच्या खांद्यावर आदळला. हाड मोडलं नाही, पण त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकायला लावते: मागे पाहिल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही.

प्रश्न : मी बोर्ड वापरत नाही. पायात फिन, म्हणजे पोहायचे रबरी पंजे, घालून नुसत्या अंगाने लाट घेतो. पण माझी लाट बोर्डवाले समोरून येऊन घेतात आणि वर “इथे बोर्ड आधी” असं सांगतात. असा नियम आहे का? (एक वाचक, गंगापूर रोड)

नाही. नियम सर्फरांनीच घालून दिलेला आहे, आणि त्यात बोर्डाचा उल्लेखच नाही. लाट जिथून फुटायला लागते तिथे सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात उडी घेणं ही सर्फिंगमधली सगळ्यात मोठी आगळीक. तुम्ही त्या जागी असाल, तर समोरच्याचा बोर्ड नऊ फुटांचा असो की पाच फुटांचा, त्याने थांबायचं.

काही ठिकाणी तर लाटा बिनबोर्डवाल्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. होनोलुलूच्या पॉइंट पॅनिकवर बोर्ड न्यायलाच बंदी आहे. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या ‘द वेज’ या प्रसिद्ध जागी 1 मे ते 31 ऑक्टोबर या काळात सकाळी 10 ते संध्याकाळी 5 पाण्यात बोर्ड चालत नाही. पिवळ्या कापडावर काळा गोळा असलेला झेंडा वर गेला की बोर्डवाले बाहेर येतात. ही व्यवस्था लोक आपसात भांडून थकल्यावर झाली, आणि मला ती आवडते, कारण ती वेळ वाटून घेते, माणसं हाकलून देत नाही.

तरी तुमच्या बाजूलाही एक अडचण आहे. बोर्डवाला लाट लांबूनच, ती अजून फारशी उभी झालेली नसताना पकडतो. तुम्हाला ती अगदी उभी होईपर्यंत थांबावं लागतं. तोवर पाण्यावर तुमचं फक्त डोकं असतं. बोर्डावरून पाहणाऱ्याला ती लाट रिकामी दिसते. तेव्हा टोपी भडक घाला, केशरी किंवा पोपटी. लाट आपली आहे असं दिसलं की आधी नजर द्या आणि मोठ्याने “डावीकडे!” किंवा “उजवीकडे!” ओरडा. सिंहस्थात रामकुंडावर आखाड्यांचा क्रम पाण्यात उतरण्याआधी ठरलेला असतो. समुद्रात तो दर लाटेला नव्याने ठरतो, आणि ठरवायला मध्ये कुणी बसलेलं नसतं. म्हणून तोंडाने सांगावं लागतं. इतकं करूनही तो आलाच, तर लाट सोडा आणि तिच्या पोटातून मागे निघून जा. हक्क तुमचा असला तरी धारदार पातं त्याच्या बोर्डाखाली आहे.

एक विनंती. किनाऱ्यालगत एकदम कोसळणाऱ्या लाटेवर डोकं पुढे करून जाऊ नका. खाली गुडघाभर पाणी आणि घट्ट वाळू असते, आणि मानेची दुखापत जन्माची होते. एक हात कायम डोक्यापुढे ताणलेला ठेवा.

प्रश्न : लहानपणापासून गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पोहतोय, पुरातही उड्या मारल्या आहेत. समुद्रावर सर्फर ज्या शांत जागेतून आत जातात तिथून आम्ही मित्र आत गेलो तर लाटांचा मार वाचेल ना? (एक वाचक, पंचवटी)

कृपा करून जाऊ नका. ती जागा शांत दिसते, पण शांत नसते.

लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं. ते वाळूच्या खोलगट वाटेने, अरुंद पट्ट्यातून बाहेर धावतं. तिथे पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नाही, म्हणून वरून ती जागा गुळगुळीत आणि जरा काळपट दिसते. नीट पाहिलंत तर फेस आणि कचरा किनाऱ्याकडे न येता आत जाताना दिसेल. ही समुद्रातली नदीच आहे. तिची ओढ सेकंदाला 8 फुटांपर्यंत जाऊ शकते. ऑलिम्पिकमधला पोहणारासुद्धा त्या ओढीसमोर टिकणार नाही. सर्फर तिथून जातो तो याच ओढीचा फायदा घ्यायला, आणि त्याच्या पोटाखाली तरंगणारा बोर्ड असतो. तुमच्या पोटाखाली काही नसेल.

पण तुम्हाला जे येतं ते इथेही कामाला येईल. पुरात उडी मारल्यावर तुम्ही ज्या पायरीवरून उडी मारली तिथेच परत यायचा हट्ट कधी धरलात का? नाही. प्रवाहाला आडवं कापत जिथे निघता येईल त्या घाटाला लागलात. ओढीत सापडलात तर तेच करा. किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, दहा-वीस वाव बाजूला गेलात की लाटा पुन्हा फुटताना दिसतील, मग त्यांच्याबरोबर या. दम संपत आला तर नुसते तरंगा आणि एक हात वर करा. फरक इतकाच, की गंगेत दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं हे पाहून आपण उतरायचं की नाही ते ठरवतो. समुद्रावर असा मारुती नाही, म्हणून उतरण्याआधी दहा मिनिटं वाळूत बसून पाणी पाहा.

आणि बोर्डवाल्यांनो, हे तुम्हालाही. असा हात दिसला तर लाट सोडून तिकडे जा. बोर्ड त्या माणसाकडे ढकला, तो तुमच्या दोघांच्या मध्ये ठेवा, आणि त्याने तो धरला की मगच जवळ जा. घाबरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीसाठी छोटा फोमचा बोर्ड घेतला आहे, पोटावर झोपून लाट घ्यायचा. तिला लीश लागेल का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

हो, मनगटाला किंवा दंडाला. आणि तुम्ही हाताच्या अंतरावर.

प्रश्न : आमचा पोहणाऱ्यांचा तीस जणांचा गट सकाळी समुद्रात लांबवर पोहायला गेला. स्थानिक सर्फर चिडले. पाणी काय त्यांच्या बापाचं आहे? (एक वाचक, नाशिक रोड)

पाणी कुणाच्याच बापाचं नाही. पण तीस डोकी एकदम लाटेच्या जागेतून गेली की तिथे थांबलेल्या आठ-दहा जणांना पंधरा मिनिटं एकही लाट घेता येत नाही. एखाद्याने घेतलीच, तर तो तुमच्यातल्या कुणाला तरी धडकणार. तुम्ही लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडून पोहा. त्या जागेच्या बाजूने वळसा घालून आत जा, पाच-सहा जणांच्या तुकड्या करा. कमरेला बांधून मागे ओढायचा भडक रंगाचा तरंगता फुगा मिळतो, तो प्रत्येकाला हवाच. आणि आत जाण्याआधी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या सर्फरला “आम्ही पलीकडून जाणार आहोत” एवढं सांगा. त्यांचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र सर्फर आणि पोहणारे दोघेही विसरतात. सकाळी किनाऱ्यावर रापण लागली असेल, म्हणजे मच्छीमार जाळं ओढत असतील, तर तो पट्टा त्यांचा. त्यांचं पोट त्यावर आहे. दोऱ्या वर येईपर्यंत थांबायचं, जमलं तर ओढायला हात लावायचा.

प्रश्न : भाऊबीज झाली की आम्ही सगळी भावंडं एक दिवसासाठी बोर्डीला जातो. दुपारी फार गर्दी होते. किती वाजता पाण्यात उतरावं? (एक वाचक, सातपूर)

दुपारची गर्दी नुसत्या माणसांमुळे होत नाही, भरतीमुळेही होते. ओहोटीला बोर्डीचं पाणी खूप लांब जातं आणि वाळू मैदानासारखी पसरते. पूर्ण भरतीला तीच वाळू चिंचोळी होते, आणि खेळणारे, डुंबणारे, फोमचे बोर्डवाले सगळे एका पट्ट्यात कोंबले जातात.

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. भाऊबीज म्हणजे द्वितीया: दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला भरती. मुंबईच्या बाजूला हा हिशेब चांगला जुळतो, डहाणूकडे थोडं मागेपुढे होतं, म्हणून भरतीचा तक्ताही पाहा. शिवाय अमावास्या नुकतीच झालेली असते, म्हणजे उधाणाची भरती. पाणी जास्त चढतं आणि उतरताना ओढही जास्त असते.

पहाटे पाचला निघा, वाटेत जव्हारला चहा घ्या. साडेदहा ते बारा या वेळात, पाणी चढत असताना पण वाळू अजून मोकळी असताना मुलांना डुंबू द्या. दीडला सगळ्यांना बाहेर काढून जेवायला बसवा, आणि पाणी उतरायला लागलं की कुणालाही गुडघ्याच्या पलीकडे जाऊ देऊ नका.