रक्ताच्या चाचणीतून अल्झायमर कळतो, हे खरं का?

खरं आहे, पण 'रक्त दिलं आणि निदान झालं' इतकं सरळ नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड प्रथिनाचे थर साचतात. ते बघायला आजवर महागडं पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचं खास चित्रण, नाहीतर कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं. घरातली म्हातारी माणसं सुईचं नाव काढताच उठून जातात.

मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने अशा रक्तचाचणीला पहिल्यांदा परवानगी दिली, फुजिरेबिओ कंपनीच्या. तीत रक्तातल्या पी-टाऊ 217 आणि बीटा-अमायलॉइड 1-42 या दोन प्रथिनांचं गुणोत्तर काढतात. अमायलॉइड मेंदूतच अडकलं की रक्तात कमी उतरतं, टाऊ मात्र वाढतं. म्हणून आकडा चढतो. 499 नमुन्यांत पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी 91.7 टक्के आणि निगेटिव्ह आलेल्यांपैकी 97.3 टक्के निकाल जुन्या तपासण्यांशी जुळले. काहींचा निकाल मात्र अधांतरीच राहिला.

चाचणी आहे उतारवयातल्या, लक्षणं दिसणाऱ्यांसाठी. चष्मा कुठे ठेवला ते आठवेना म्हणून लॅबकडे धावू नका. वडील दहा मिनिटांत तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत असतील, तर आधी न्यूरोलॉजिस्ट गाठा. बी-12 आणि थायरॉइडही तपासून घ्या, विसरभोळेपणा त्यानेही येतो.