सेफ्रूत राहायला येण्यापूर्वी मशिदीविषयी थोडेसे

मोरोक्कोतल्या फेस शहरात नोकरी स्वीकारून तेथून सुमारे 30 किलोमीटरवरच्या सेफ्रूत कुटुंबासह राहिल्यास, आपल्या कोकणातल्या मोहल्ल्याप्रमाणे मशिदीच्या आधाराने ओळखी होतील काय, असे आपण विचारले आहे. ओळखी होतील, परंतु मशिदीच्या आत फारशा होणार नाहीत.

आपल्याकडे मशीद म्हणजे जमात. सभासद, वर्गणी, हिशेब आणि त्यावरून होणारी भांडणेसुद्धा. मोरोक्कोत मशिदी हबूस (म्हणजे वक्फ) व इस्लामी व्यवहार मंत्रालयाच्या देखरेखीखाली चालतात आणि नमाज आटोपली की थोड्याच वेळात दाराला कुलूप लागते. सुरुवातीचे काही महिने मी असरनंतर, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर, कोणी बोलेल या आशेने रेंगाळत असे, तेव्हा बांग देणारा बांगी किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन अत्यंत सभ्यपणे माझ्या उठण्याची वाट पाहत उभा राहायचा.

नमाजेतले फरकही आधीच सांगून ठेवतो, कारण आपण शाफई आणि हे लोक मालिकी, म्हणजे सुन्नींचेच पण वेगळे पंथ. येथे अनेकजण हात न बांधता बाजूला सोडून उभे राहतात आणि इमाम नमाजेच्या शेवटी मान वळवून एकच सलाम फेरतात. फजरमधली, म्हणजे पहाटेच्या नमाजेतली, कुनूत ही दुआ ते रुकूपूर्वी (कमरेत वाकण्यापूर्वी) मनातल्या मनात म्हणतात. पहिल्या दिवशी मी सवयीने रुकूनंतर हात उचलून उभा राहिलो आणि सारी सफ, म्हणजे नमाजींची रांग, सजद्यात गेली. कोणी हसले नाही, कोणी टोकलेही नाही. मशिदीत थांबायचेच असेल तर फजर आणि मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजेनंतर) थांबावे. तेव्हा काही मंडळी एका सुरात कुराणाचा एकेक हिज्ब, म्हणजे ठरावीक भाग, म्हणतात. एकूण हिज्ब 60 आणि रोजचे दोन, त्यामुळे महिन्याला एक कुराण पूर्ण होते. पठण वर्श नावाच्या, आपल्याहून वेगळ्या पद्धतीचे असल्याने आपली जीभ अडखळेल, पण नुसते ऐकत बसणाऱ्यालाही जागा करून दिली जाते.

खरी वस्ती भेटते ती मशिदीजवळच्या फर्रानवर, म्हणजे सामाईक भट्टीवर, आणि हम्मामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात. घरी मळलेल्या पिठाच्या भाकऱ्या फळीवर मांडून पोरे भट्टीवर आणतात, आणि कोणती फळी कोणाची हे भट्टीवाल्याला न सांगता कळते. हम्मामात स्त्रियांची व्यवस्था वेगळी असते. माझ्या पत्नीला तेथे महिनाभरात जेवढ्या शेजारणी भेटल्या तेवढी माणसे मला वर्षातही भेटली नाहीत. शुक्रवारी जुम्यानंतर घरोघरी कुसकुस असतो, त्यातला एखादा थाळा मशिदीच्या दाराशी गरिबांसाठी जातो आणि एखादा नवख्या शेजाऱ्याकडे येतो. तो थाळा रिकामा परत करू नये, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

मुलांना मसीदमध्ये, म्हणजे लहान कुराणशाळेत, घालण्याचा विचार असेल तर एक अडचण ध्यानात ठेवा. येथल्या मगरिबी अरबी लिपीत ‘फे’ अक्षराचा नुक्ता (टिंब) खाली असतो आणि ‘काफ’ला वर एकच नुक्ता देतात, म्हणजे आपल्या मुलाने मदरशात शिकलेला ‘फे’ येथे ‘काफ’ होतो. माझा मुलगा लाकडी पाटीवर दोन आठवडे रडत होता. आता गावी गेला की त्याची उलट पंचाईत होते.

रमजानात घड्याळ बदलते. एरवी हा देश ग्रिनिचच्या एक तास पुढे असतो, तो या महिन्यापुरता मागे येतो, त्यामुळे भारताशी असलेले साडेचार तासांचे अंतर साडेपाच होते. घरी फोन करताना आणि कामाच्या वेळा ठरवताना हे विसरू नका. तरावीहला, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या जादा नमाजेला, स्त्रियाही मोठ्या संख्येने येतात आणि सफा गल्लीपर्यंत जातात. आपले गैरमुस्लिम मित्र भेटीला आले तर मात्र त्यांना मशिदीत नेता येणार नाही. त्यांना 1993 मध्ये खुल्या झालेल्या कासाब्लांकाच्या हसन द्वितीय मशिदीत न्यावे, ती त्यांना ठरावीक वेळी आतून पाहता येते.

गुरुवारी आठवडी बाजार असतो आणि घरमालकही त्यातच गुंतलेले असतात, म्हणून घर पाहायला गुरुवार सोडून या. मशीद किती जवळ आहे हे विचारत बसू नका, बांग सगळीकडे ऐकू येते; फर्रान किती पावलांवर आहे ते विचारा.