आधी त्याच्या हातून काहीतरी होऊ दे

प्रिय मित्रा,

ईमेलवरून धडे पाठवायच्या तुझ्या मोफत कोर्सबद्दलचं तुझं पत्र मिळालं. प्रश्न बरेच आहेत आणि बहुतेक एकाच जातीचे आहेत. पॉपअप लावू की पानाच्या तळाशी फॉर्म ठेवू? कोर्स सात दिवसांचा करू की एकवीस? सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? हजार ईमेल पत्ते कधी जमतील? आणि मग सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य: "लोक नाव नोंदवतात, पहिला धडा उघडतात आणि तिसऱ्यापर्यंत गायब होतात, मला शिकवताच येत नाही का?" तुला विचारायचं होतं ते एवढंच. वरचे सगळे प्रश्न हा विचारायचा धीर यावा म्हणून लिहिलेस.

शिकवता येतं तुला. मी दुसऱ्याच एका पत्त्यावरून तुझ्या कोर्सला नाव नोंदवलं आणि धडे येऊ दिले. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याचा इतिहास आला. दुसऱ्या दिवशी आयएसओ, शटर स्पीड आणि ॲपर्चर ही उजेडाची तांत्रिक मापं, आकृत्यांसह. तिसऱ्या दिवशी लेन्सचे प्रकार. सगळं बरोबर, भाषाही छान. पण कोर्सचं नाव काय? मोबाइलवर चांगले फोटो काढायला शिका! आणि शिकायला आलेल्या माणसाने तीन दिवसांत मोबाइलचा कॅमेरा एकदाही उघडलेला नाही. त्याच्या हातून काय झालं? काही नाही. वाचन झालं. वाचायला त्याच्याकडे आधीच ढीगभर मेल पडलेत.

मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि तू कंटाळलास तरी या पत्रात ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. मोफत कोर्स संपतो तेव्हा शिकणाऱ्याच्या हातात त्याने स्वतः केलेली एक पुरी गोष्ट असली पाहिजे. छोटी चालेल, अर्धी चालणार नाही.

तुझ्या बाबतीत ती गोष्ट कोणती? एक फोटो. घरातल्याच कुणाचा तरी, खिडकीच्या उजेडात काढलेला, बघून त्या माणसाने आपणहून "मला पाठव" म्हणावं असा. ठरला की कोर्स! पहिला धडा: भर दिवसा खोलीतले दिवे बंद करायचे, कारण बल्बचा पिवळा आणि बाहेरचा निळसर उजेड एकत्र आला की एकाच चेहऱ्याचे दोन रंग दिसतात. माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, एक खांदा खिडकीकडे करून बसवायचं आणि फोटो काढायचा. दुसरा धडा: तीच खुर्ची खोलीत आत सरकवायची, पुन्हा काढायचा, दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. खिडकीजवळ एक गाल उजळतो आणि दुसऱ्यावर पटकन सावली येते. आत गेलं की हा फरक कमी होतो, पण उजेडही मंदावतो. हे तू लिहून सांगितलंस तर तो विसरेल, खुर्ची ओढून बघितली तर नाही विसरणार. तिसरा: स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि उजेडाची पट्टी जराशी खाली ओढायची. चौथा: माणसाच्या मागे काय दिसतंय. पाचवा: काढलेल्यांतला एकच निवडायचा, बाकीचे का नको ते एका ओळीत लिहायचं आणि निवडलेला त्या माणसाला द्यायचा.

यात आयएसओ कुठे आलं? नाही आलं. ज्याला हा फोटो जमला तो महिन्याभरात आपणहून विचारेल, की रात्री काढलेले फोटो असे दाणेदार का येतात. तेव्हा सांग. तोवर जीभ आवर. आपल्याला येतं ते सगळं एका दमात ओतायची हौस तुझ्या वयात फार असते.

तर सात की एकवीस? पाच. कामाचे टप्पे पाच निघाले म्हणून पाच. बारा निघाले असते तर मी म्हटलं असतं की काम मोठं निवडलंस, छोटं घे.

रोज सकाळी एक धडा हा हिशोबही जमणार नाही. बुधवारी नाव नोंदवणारा माणूस कामावरून घरी येतो तेव्हा खिडकीबाहेर अंधार असतो. तू त्याला गुरुवारी दुसरा, शुक्रवारी तिसरा पाठवतोस. शनिवारी सकाळी उजेड मिळतो तेव्हा त्याच्यापुढे तीन न केलेले धडे रांगेत उभे असतात आणि तो लाजून सगळेच बंद करतो. लोक कंटाळून जातात असं तुला वाटतं. बरेचसे मागे पडल्याच्या शरमेने जातात. म्हणून धड्याच्या तळाशी "फोटो काढला, पुढचा पाठवा" अशी एक लिंक दे आणि ती दाबल्यावरच पुढचा धडा जाऊ दे. बहुतेक सगळ्या मेल पाठवणाऱ्या सेवांत ही सोय असते. चार-पाच दिवस काहीच हालचाल नाही असं दिसलं तर एक साधी आठवण पाठव. ओरडणारी नको.

फॉर्मबद्दल तर मला रागच आला. नाव, ईमेल, फोन, व्यवसाय, जन्मतारीख! जन्मतारीख कशाला? वाढदिवसाला काय पाठवणार आहेस? ईमेल माग, फार तर हाक मारायला नाव. आणि पाठवणाऱ्याच्या जागी तो "नोरिप्लाय" पत्ता, ज्यावर उत्तर पाठवताच येत नाही, कोणी सुचवला? फोटो काढून दाखवायला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावतोस. प्रत्येक धड्याची शेवटची ओळ अशी असू दे: "काढलेला फोटो याच मेलला उत्तर म्हणून पाठवा." आणि मग खरंच उत्तर दे. दोन ओळी पुरतात, पण त्या फोटोबद्दलच्या असाव्यात.

तांत्रिक भाग झटपट उरकते, कारण तो नियम पाळण्यापुरताच आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या हिशोबात दिवसाला ५,००० मेल पाठवणारा मोठा. त्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्याच्याकडूनच आली हे पटवणाऱ्या खुणा, तिन्ही लागतात, जाहिरातवजा मेलमध्ये एका टिचकीत नाव काढायची सोय लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात, ०.१ च्या खाली असल्या तर उत्तम. तू तेवढा मोठा नाहीस, तरी आजपासून पाळ. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन माणसं रे! तीन चिडलेली माणसं गोळा करायला किती वेळ लागतो? नाव नोंदवल्यावर "हा पत्ता तुमचाच ना?" असं विचारणारी खात्रीची मेल जाऊ दे. काही लोक तिथेच गळतील. गळू देत.

आणि "मेल उघडण्याचं प्रमाण चांगलं आहे" हे मला सांगू नकोस. मेलमधलं चित्र उतरलं की ती उघडली असं धरतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची सोय आणली, तेव्हापासून ती चालू असेल तिथे मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. माणसाने मेल बघितलीही नसली तरी तुझ्याकडे "उघडली" अशी नोंद होते. मी एकच आकडा बघते: किती जणांनी काम करून पाठवलं. तुझ्या सॉफ्टवेअरच्या रंगीत आलेखात तो सापडायचा नाही, तुलाच मोजावा लागेल.

आता तुझा तो मित्र, ईमेल पत्त्यांची तयार यादी देऊ करणारा. त्याला नाही म्हण. विकाऊ यादीत सोडून दिलेले जुने पत्ते असतात आणि त्यांतले काही स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडायला सापळे म्हणून ठेवलेले असतात. त्यावर मेल गेली की तुझं नाव खराब होतं, मग खऱ्या माणसांनाही तुझे धडे पोचत नाहीत. युरोपातला जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा २०१८ पासून लागू आहे; तिथे संमतीच्या बळावर मेल पाठवायची तर ती त्या माणसाने स्वतः, नेमक्या कामासाठी दिलेली लागते. तू म्हणशील, पहिला स्पॅम तर चालला होता! हो, माहीत आहे. मे १९७८ मध्ये गॅरी थ्यूर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना संगणकाची जाहिरात पाठवली, लोक खवळले, आणि विक्रीही झाली असं तो पुढे सांगत असे. त्याला एकदाच विकायचं होतं. तुला शिकवायचं आहे ना? न बोलावलेल्या माणसाच्या हातून तू खुर्ची कशी सरकवून घेणार?

तू मला ताई म्हणतोस म्हणून माझंही थोडं ऐक. मी शिवण शिकवते. माझा मोफत कोर्स संपतो तेव्हा एक उशीचा अभ्रा तयार होतो, साधा, चेन नाही, मागून पाकिटासारखा दुमडणारा. दर वेळी उत्तरं येतात की कोपरा टोकदार येत नाही. मी सांगते, उलटवायच्या आधी कोपऱ्यावरचं जादा कापड तिरकं काप, शिलाईला धक्का न लावता. काही वेळाने फोटो येतो, कोपऱ्यासकट. मग त्याच बायका, हल्ली पुरुषही, विचारतात की चेन कशी लावायची. माझा पैसे घेऊन शिकवायचा पहिला वर्ग त्या प्रश्नांतून निघाला. लोक काय विकत घेतील हे मला शोधावं लागलं नाही.

माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या कित्येकांच्या याद्या आज माझ्या कितीतरी पट आहेत. "पन्नास टिपा" असली एक पीडीएफ दिली आणि पत्ते घेतले, संपलं. मला येऊन सांगतात, तू उगाच मागे राहिलीस. वर्षभर हूं की चूं न केलेल्यांना मी एकदा विचारते आणि उत्तर नाही आलं तर नाव काढून टाकते, यावरही हसतात. हसू देत. मला रात्री कधीतरी वाटतंच, थोडं सैल सोडलं असतं तर घर जरा लवकर सावरलं असतं. पण त्यांच्यातल्या एकाने मला परवा विचारलं की इतक्या लोकांना पाठवतो, एकही उलटून का लिहीत नाही? मी काय सांगणार? त्यांच्या हातून काही झालेलंच नाही, तर लिहितील कशाबद्दल! हळहळ मला यादी लहान राहिल्याची नाही. त्याआधी एका सोशल नेटवर्कवर माझ्याबरोबर वर्षानुवर्षं शिवणाऱ्या बायका होत्या, ते बंद पडलं आणि त्यांतल्या बहुतेकींचा पत्ता मला पुन्हा लागला नाही. म्हणून ईमेल म्हणते. पत्त्यांची फाइल उतरवून घेता येते, सेवा बदलली तरी माणसं बरोबर येतात.

गळतीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स मोफत खुला केला, तेव्हा दीड लाखावर नावं आली आणि शेवटपर्यंत पोचले वीस हजारांच्या आसपास. त्यांचा गृहपाठ मात्र आठवड्यांमागून आठवडे चालणारा होता. तुझ्या खिडकीच्या कोर्सला ती सबब चालणार नाही.

अजून एक, मग थांबते. पाचवा धडा पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवायचा बेत आहे असं तुझ्या पत्रात ओझरतं आहे. तो सोड. शेवटचा धडा अडवलास तर फोटो अर्धा राहिला, आणि अर्ध्याबद्दल मी वर काय म्हटलं ते वाच. विकायचं असेल तर पहिल्याच मेलमध्ये लिही: पाच धडे येतील, त्यानंतर पंधरवड्याला एक पत्र येईल, अधूनमधून मी माझा सशुल्क वर्गही सुचवेन, नको असेल तर इथून नाव काढा. ज्याला पटणार नाही तो तेव्हाच जाईल.

पहिला धडा नव्याने लिहून रविवारच्या आत मला पाठव, तीनशे शब्दांच्या आत. मी खुर्ची ओढून, दिवे बंद करून तो करून बघणार आहे. मला फोटो काढता येत नाही, त्यामुळे तुझ्यासाठी माझ्याइतकी बरी परीक्षक नाही. आणि तो जन्मतारखेचा रकाना आजच काढ.

तुझी,
ताई