किनाऱ्याची रेघ भरतीची की ओहोटीची?

तुम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही दुरुस्त करू शकेल अशा खुल्या नकाशावर, अलिबागचा किनारा दुरुस्त करायला घेतला. एका उपग्रहचित्रात कुलाबा किल्ल्यापर्यंत ओली वाळू आणि खडक, दुसऱ्यात किल्ल्याभोवती पाणी. मग रेघ कुठल्या चित्रावरून गिरवायची, असं विचारलंय.

उधाणाच्या, म्हणजे पुनवे-अवसेच्या मोठ्या भरतीचं पाणी सरासरी जिथवर चढतं, तिथे किनारारेषा, असा तिथला नियम आहे. म्हणजे आपण ओहोटीला कितीही वेळा चालत गेलो असलो, तरी नकाशात किल्ला बेटच. मधला उघडा पडणारा पट्टा रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला वेगळा आखायचा: वाळू-चिखलाला ‘टायडलफ्लॅट’ हा टॅग (नकाशातलं लेबल), खडपाला ‘बेअर रॉक’ आणि सोबत ‘टायडल=येस’.

आता चित्रांची गंमत. सेंटिनेल-२ उपग्रह आपल्यावरून सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला जातो. आपल्याकडचा जुना हिशेब आठवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. त्या दिवशीच्या चित्रात पाणी मागे गेलेलं दिसणार. पुनवेला-अवसेला भरती सव्वाअकरा-बाराच्या आसपास, त्यामुळे चित्राच्या वेळी पाणी बरंच वर आलेलं असतं. गिरवायला तेच चित्र घ्या. चित्राची तारीख बघायची आणि कॅलेंडरवर तिथी, बस. उधाणाची खरी मोठी ओहोटी मात्र पहाटे नाहीतर संध्याकाळी लागते, ती या उपग्रहाला कधी दिसतच नाही. म्हणून पट्ट्याची बाहेरची कड गावातल्या माणसाला विचारूनच काढावी.

किनाऱ्यावर जाणार असाल तर काम आणखी सोपं. काटक्या, सुकं शेवाळ, थर्माकोल, एकेकट्या चपला यांची जी सर्वांत वरची ओळ वाळूत पडलेली असते, साधारण तीच तुमची रेघ. मर्यादवेल तिच्या वर पसरलेला दिसेल. कांदळवन आलं की बरेच जण हिरव्याच्या बाहेरून रेघ नेतात. ते चूक, तिवरांच्या बुंध्यात भरतीचं पाणी येतंच, तेव्हा रेघ जमिनीकडून न्या.

रेघ ओढायची दिशाही सांभाळा: जमीन डावीकडे, पाणी उजवीकडे. कोकणात म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि बेटाला घड्याळाच्या उलट. मी एकदा एक बेट उलटं फिरवलं होतं. दुसऱ्या कुणीतरी निमूट सुलटं करून ठेवलं.

रस्ता काढला की काही मिनिटांत दिसतो, किनारा दिसायला वेळ लागतो, कारण त्याची तपासणी वेगळी होते. तेवढ्यात घाबरून पुन्हा पुन्हा खोडू नका.