पुरोहिताचा 'पुरो'

आर्वीहून एका वाचकाने विचारलंय: पहिल्या महायुद्धात खंदकांत सैनिकांसोबत राहणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूंना एका लेखात 'पुरोहित' म्हटलंय. ते बरोबर, की 'पाद्री' हवं?

पाद्री. पोर्तुगिजांचा 'पाद्रे' म्हणजे बाप. आपण त्याचा पाद्री केला, आणि हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांनी तोच 'पाद्रे' उचलून पुढे फ्रान्सच्या खंदकात नेला. झालं.

पण 'पुरोहित'ला चूक म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्याकडे सप्त्याच्या मांडवात हमखास ऐकू येतं, "पुराचं, म्हणजे गावाचं हित पाहते तो पुरोहित!" टाळ्या पडतात, माझं डोकं तापतं. अरे बाप्पा, मग 'पुरहित' काऊन नाही झालं? अन् 'पुरोगामी' म्हणजे गावाला जाणारा का? मूळ शब्द 'पुरस्', म्हणजे पुढे. 'हित' म्हणजे ठेवलेला, 'निहित'मधला. मनस्-चं मनोरथ होतं, तसं पुरस्-चं पुरोहित. पुढे ठेवलेला माणूस!

ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत हा शब्द अग्नीसाठी आलाय. माझं तर स्पष्ट मत आहे की तो मुळात रणातला, सत्यनारायणाच्या पाटावर मागाहून बसला. संस्कृतच्या एका निवृत्त गुरुजींना हे पटत नाही. 'पुढे' म्हणजे यज्ञात पुढे, युद्धाचा संबंध नाही, म्हणतात. मग ऋग्वेदातल्या दाशराज्ञ युद्धात, म्हणजे दहा राजांविरुद्धच्या लढाईत, सुदास राजाचे पुरोहित वसिष्ठ काय अक्षता वाटत होते? गुरुजींचं उत्तर अजून यायचंय.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश फौजेचे पाद्री थिओडोर हार्डी यांना तर हा शब्द मापाने शिवल्यासारखा बसतो. वय 54, हाती शस्त्र नाही. एप्रिल 1918 मध्ये एक जखमी शिपाई रानात पडला होता, जर्मनांच्या ताब्यातल्या पिलबॉक्सपासून (काँक्रीटच्या छोट्या लढाऊ चौकीपासून) जेमतेम 10 यार्डांवर. स्वतःच्या पायाने हलण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती. हार्डी आधी एकटे त्याच्यापर्यंत गेले, मग मागे येऊन मदतीला माणूस मागितला. एक सार्जंट निघाला, आणि दोघांनी मिळून त्याला आणला. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, तरी मागे राहिले नाहीत. ऑक्टोबरमध्ये गोळी लागली आणि फ्रान्समधल्या रुआंच्या इस्पितळात वारले. युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता.

आपल्या फौजेत आजही पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री अशी पदं आहेत, म्हणून लेखात पाद्रीच ठेवा. 'पुजारी' तेवढं लिहू नका. परवा एका बातमीत तेही वाचलं.